दहा नंबरचं जेवण

डोंगरातल्या कारा-बुलाक गावात त्या काळी कोण कोणाच्या वर बसतं, हे कुणाला विचारावं लागत नसे. मेंढी शिजून परातीत आली की ज्याच्या पुढ्यात जे हाड पडेल त्यावरून ते कळायचं. डोकं घराण्यातल्या सर्वांत वडील पुरुषाला, कमरेची हाडं त्याच्या खालोखालच्यांना, नळ्या तरुणांना. आणि शेपटीच्या मुळाशी असतं ते रुंद हाड, ज्यावर चार बोटं चरबी थरथरत असते, ते सर्वांत वडील बाईला. ज्या बाईला ते हाड, तीच नव्या नवरीच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधणार आणि तीच घराण्यातलं मूल पहिल्यांदा पाळण्यात ठेवणार. अठरा वर्षं ते मानाचं हाड कालिचाचं होतं.

ते तिच्याकडे कसं आलं, हेही जुन्या माणसांना आठवत होतं. तिची सासू तेव्हा चांगली धडधाकट होती, फक्त दात गेले होते. एका लग्नात हाडं वाटणाऱ्याला कालिचा सगळ्यांदेखत म्हणाली, "आईंना आता चावत नाही, त्यांना रस्सा द्या." सासूनं रश्श्याचा वाडगा हातात घेतला, आणि त्यानंतर सहा वर्षं जगली ती रस्साच पीत. धाकटी जाऊ झुराकान त्या वेळी तिथंच होती. दाराशी उभी राहून ती चहा ओतत होती, आणि तिनं ते सगळं पाहिलं होतं.

कालिचाला सदुसष्टावं वर्ष लागलं त्या हिवाळ्यात ती अंगणात शेण्यांच्या ढिगाशी पडली. कुठं मोडलं नाही, पण जमिनीवरून उठताना दोन बायकांना काखेत हात घालावे लागले. डोकं सारखं गरगरे, जिना नसलेल्या घरातही धाप लागे. नातवाचं, तिलेकचं लग्न शरदात ठरलं होतं. तिलेकला तिनंच वाढवलं होतं. त्याच्या बायकोला रुमाल बांधायचा म्हणून शहरातून मागवलेलं पांढरं रेशीम तिच्या पेटीत तीन वर्षांपासून पडून होतं. बिछान्यात पडल्या पडल्या ती बोलून गेली, की उभंच राहता आलं नाही तर रुमाल बांधायचा कुणी?

समाचाराला आलेली झुराकान चहात ब्रेड बुडवून खात होती. ती म्हणाली, "मी आहे की, जाऊबाई. तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता."

दुसऱ्या दिवशी कालिचानं मुलाला, मुकांबेतला, जीप काढायला लावली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण कोवळी पोर होती. तिनं दंडाला पट्टा बांधला, पारा पाहून भुवया वर केल्या आणि एक छापील कागद दिला. त्यावर दहा नंबरचं जेवण, म्हणजे रक्तदाबाचं पथ्य, लिहिलं होतं. चरबी नाही, मेंढीचं मांस नाही, मीठ नाही, साय नाही. जवाची लापशी, उकडलेलं बीट, गाजर, कोबी, लोणी काढलेलं ताक. हे खाल्लंत तर शरदापर्यंत पोरीसारख्या चालाल, असं ती म्हणाली. नाही खाल्लंत तर काय, ते म्हणाली नाही.

गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. गवत मेंढीनं खायचं आणि मेंढी आपण, हे त्या डोंगरात लहान मुलालाही ठाऊक. मुकांबेत लाजेनं काळवंडला. लोक म्हणतील फार्मवर चारशे मेंढ्या राखतो आणि आईला कोबी घालतो. बोलली नाही ती फक्त सून, सालकिन. तिनं कागद सासूच्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि चुलीमागच्या भिंतीवर चार खिळे मारून ठोकला.

सालकिन त्या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी कालिचानं तिची कणीक तीनदा अंगणात फेकली होती. तिचं पहिलं मूल गेलं त्या आठवड्यात पाहुण्यांसमोर, "हिचं दूधच पातळ," असं म्हणाली होती. सालकिननं कधी उलट उत्तर दिलं नाही. आताही दिलं नाही. ती फक्त कागदाबरहुकूम वागू लागली.

सगळं घर खारा दुधाचा चहा प्यायचं, कालिचाला अळणी, बिनसायीचा. दुसऱ्याच दिवशी तिनं चिमूटभर मीठ मागितलं.

"कागदात नाही, आई," सालकिन म्हणाली.

"एवढंसं गं. जिभेला लागेल न लागेल."

"कागदात नाही."

महिनाभर कालिचा उपाशी जनावरासारखी घरात फिरली. बाकीचे बेशबरमाक, म्हणजे मेंढीचं मांस आणि शेवया, खायला बसले की वास चुकवायला ती गोठ्यात जाऊन उभी राही. एकदा तिनं कढईच्या कडेला लागलेली चरबी बोटानं पुसून चाटली. सालकिननं ते पाहिलं. तिनं कढई उचलली, राखेनं घासली आणि पुन्हा जागेवर ठेवली. रात्री नवऱ्याला म्हणाली, "आईंसाठीच करतेय ना मी."

आणि खोटं कशाला सांगावं, गुण आला. वसंतात घोट्यांची सूज उतरली. डोकं हलकं झालं. कमरेचा पट्टा आधी चार बोटं आत गेला, मग वीतभर. उन्हाळ्यात सगळे वरच्या कुरणावर गेले तेव्हा एका सकाळी कालिचानं रिकिबीत पाय घातला आणि कुणाच्याही हाताशिवाय घोड्यावर चढली. नऊ वर्षांत ती घोड्यावर बसली नव्हती. ओढ्याच्या वरच्या टेकाडापर्यंत एकटी गेली. खाली तंबूंचे धूर सरळ वर जात होते, शिंगरं बांधलेली होती, आणि अंगात असं बळ होतं की तिला वाटलं आत्ता कुणी दोर दिला तर घोडीही दोहू. ती सकाळ ती पुढं कधी विसरली नाही. आता ती कुरणंही तशी राहिली नाहीत, पण त्या वर्षी गवत घोड्याच्या पोटाला लागत होतं.

मग तिला माज चढला.

प्रश्न मानाच्या हाडाचा होता. जेवणावळी चालूच होत्या आणि हाड तिच्या पुढ्यात येतच होतं. पथ्याच्या माणसानं काय करायचं, याची रीत होती. कापडात गुंडाळून घरी न्यायचं, घरच्यांना द्यायचं. हाड आपलंच राहतं. पण कालिचाला तेवढ्यानं समाधान होईना. शेजारी झुराकान बसलेली असे. चौसष्ट वर्षांची, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलेली, बसताना कण्हणारी. तिच्याकडे पाहून कालिचाच्या मनात एक विचार आला, आणि तो तिला फार आवडला. आपण उतरतोय तशी हिला चढू दे. आपल्या वाटची चरबीही हिच्याच अंगाला लागू दे. शरदात हिला जागचं हलता येऊ नये.

पहिल्यांदा एका वर्षश्राद्धाच्या जेवणात तिनं हाड स्वतःच्या हातानं उचलून झुराकानच्या ताटलीत ठेवलं. झुराकाननं तीनदा नको म्हटलं. "घे गं," कालिचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला आता ही ओझी पेलत नाहीत. मी घोड्यावर बसते. तू खा, तुला बसूनच राहायचंय." बायका हसल्या. दुसऱ्यांदा, मेंढ्या कातरून झाल्यावरच्या जेवणात, झुराकाननं एकदाच नको म्हटलं. तिसऱ्यांदा, एका मुलाच्या पाळण्याला, तिनं नुसता हात पुढं केला. कालिचा तिला चरबी चोखताना पाहत राहिली, आणि आपली अळणी लापशी तिला त्या दिवशी गोड लागली.

हाडं वाटायचं काम ओरोझालीचं होतं. अबोल माणूस. कुणाला कुठलं हाड जातं ते तो लिहून ठेवत नसे, त्याला पाठ असे. तिन्ही वेळा तो परातीपाशी होता.

शरद आला. तिलेकचं लग्न लागलं, नवरी आयझादा पडद्याआड बसली, तिच्या माहेरची वीस माणसं दरीपलीकडून आली. कालिचानं पेटीतलं रेशीम काढून कुडत्याच्या आत, छातीशी ठेवलं. त्या दिवशी ती गावभर फिरली, पाहुण्यांना स्वतः उतरवून घेतलं, कुणी बस म्हटलं तर म्हणाली, बसायला म्हाताऱ्या आहेत की. नवरीची आई तिच्याकडे पाहून शेजारणीला हळूच म्हणाली, की ही एवढी वाळलेली बाई कोण, स्वयंपाकाला आणलेली का? ते कालिचाच्या कानावर पडलं. तिनं ते हसण्यावारी नेलं.

पराती आल्या. ओरोझाली बाह्या सारून बसला. डोकं गेलं, कमरेची हाडं गेली. मग त्यानं मानाचं हाड उचललं, कालिचाच्या गुडघ्यांवरून हात लांब केला आणि ते झुराकानपुढं ठेवलं. त्याच वेळी सालकिन मागून आली आणि सासूपुढं उकडलेल्या बिटाचा वाडगा ठेवला. स्वच्छ, सुबक कापलेलं, वाफ येत असलेलं.

पाहुणे बिटाकडे पाहू लागले. नवरीच्या आईनं विचारलं, "या बाईंना बरं नाही का?"

"बरं आहे," झुराकान म्हणाली. "त्यांचं पथ्य आहे."

"ओरोझाली," कालिचा म्हणाली, "ते हाड माझं आहे."

ओरोझाली सुरी पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "काकू, तुम्ही तीनदा दिलंत ते. तुमच्या हातानं. दिलेलं हाड परत मागतात का?"

"पथ्यासाठी दिलं मी."

"मग आज पथ्य नाही का?"

कुणीतरी खोकलं. झुराकान तिच्याकडे वळली आणि अगदी मायेनं, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "जाऊबाई, आईंनासुद्धा रस्सा पुरला की सहा वर्षं. तुम्ही बीट खा. तुम्हाला मानवतं."

कालिचानं मग जे केलं ते पुढं कित्येक वर्षं गावात सांगितलं जायचं. तिनं समोरच्या परातीत हात घातला, शेपटीच्या चरबीचा मुठीएवढा तुकडा काढला आणि पाहुण्यांसमोर तोंडात कोंबला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. हनुवटीवरून चरबी गळत होती. पाहा, मी खाते, असं तिला म्हणायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. मुकांबेतनं डोळे खाली घातले. नवरीच्या माहेरची दोन लहान मुलं हसायला लागली आणि त्यांना कुणी गप्प केलं नाही.

आठ महिने ज्या पोटात लापशी आणि ताकच गेलं होतं, ते किती वेळ सहन करणार. तोंडावर हात दाबून तिला बाहेर जावं लागलं. मदतीशिवाय उठली, एका झटक्यात, पोरीसारखी. तेही कुणी पाहिलं नाही. गोठ्यामागं, भिंतीला कपाळ टेकून ती ओकत होती तेव्हा आतून हाक आली, नवरी आणा म्हणून.

तोंड पुसून ती खिडकीपाशी आली. आत झुराकानला उठवत होते. दोन बायकांनी काखेत हात घातले, तिसरीनं पाठीला आधार दिला. झुराकान कण्हत, हसत, "हळू गं, हळू" करत उभी राहिली, आणि त्या दोघींनी धरलेली असतानाच तिनं आयझादाच्या डोक्याला रुमाल बांधला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट लोक म्हणाले, किती भारदस्त आहे घरची वडील बाई, आशीर्वाद घ्यावा तर अशीचा. रुमाल झुराकानचा होता, साधा सुती. रेशीम कालिचाच्या छातीशी होतं, आणि त्याला ओकारीचा वास लागला होता.

वाटलं होतं ती खचेल. खचली नाही. शरीर कुठलं ऐकतं. हिवाळ्यात मुकांबेत तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. त्याच पोरीनं पट्टा बांधला, पारा पाहिला आणि खूश झाली. असा पेशंट जिल्ह्यात दुसरा नाही म्हणाली. "आजी, अशाच राहा. अजून वीस वर्षं तुम्हाला काही होत नाही."

"वीस?" कालिचानं विचारलं.

"सहज."

झुराकानचे गुडघे पार गेले. जेवणावळीला तिला दोघी उचलून आणत आणि आतल्या मानाच्या जागेवर बसवत. कालिचा तिच्यामागून चालत येई, ताठ, काठीशिवाय, आणि दाराजवळ बसे. तिचं वेगळं जेवण दारातून आणायला तेच सोयीचं होतं.

घरी आता तिचं ताट आयझादा करी. पोर गुणी होती, डोक्यावरचा रुमाल कधी घसरू देत नसे, मोठ्यांसमोर आवाज चढवत नसे. सालकिननं तिला पहिल्याच आठवड्यात चुलीमागच्या भिंतीशी नेऊन कागद वाचायला लावला होता. एका सकाळी कालिचानं तिला जवळ बोलावलं. सालकिन गोठ्यात होती. म्हातारीनं अळणी चहाचा वाडगा पुढं केला आणि हळूच म्हणाली, की बाळ, चिमूटभर मीठ टाक, कुणाला कळत नाही.

आयझादानं मान खाली घातली. तिला खरंच वाईट वाटलं असावं.

"कागदात नाही, आजी," ती म्हणाली, आणि बिटाचा वाडगा तिच्यापुढं सरकवला.