छत्तीस घरांची चकती

मी एक जुनी पुठ्ठ्याची चकती आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतेय खरी, पण तुम्ही खरंच मित्र आहात की नुसते डोकावायला आलात, हे अजून ठरायचंय. राग मानू नका. माझा जन्मच संशयातून झाला. आपलं पत्र कुणीतरी वाचेल ही धास्ती नसती, तर मला कुणी कातरलंही नसतं.

मला कातरलं गुलाबनं. ती धाराशिवला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय गणित. तिचं गाव येरमाळ्यापासून चार मैल आत. बहात्तरच्या दुष्काळाला दहा वर्षं उलटली होती, तरी त्या साली पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. वसतिगृहात माणशी एक बादली पाणी मिळायचं. त्यातच अंघोळ, त्यातच धुणं, आणि उरलं तर अभ्यासाला बसताना तोंडावर शिपका.

वीरप्पा सर संख्यासिद्धांत शिकवायचे. ते एकदा म्हणाले, "घड्याळात दहा वाजल्यावर चार तास गेले की चौदा वाजत नाहीत, दोन वाजतात. आता आकड्यांच्या जागी अक्षरं लिहा. झालं तुमचं गुप्तलेखन." मुलं हसली. गुलाब हसली नाही. तिनं बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, एक मोठं वर्तुळ आणि एक लहान वर्तुळ कापलं, कोनमापक ठेवून दर दहा अंशांवर रेघ मारली. क पासून ज्ञ पर्यंत बरोबर छत्तीस घरं झाली. मधोमध आईच्या जुन्या चोळीचं टिचबटण बसवलं. आतलं वर्तुळ फिरायला लागलं आणि मी जगात आले. पाठोपाठ माझी जुळी बहीणही आली. दोघी का, ते सांगते.

गुलाबची आई चांगुणाबाई. बहात्तरला तलावाच्या कामावर ती रोज हजेरीपुढं अंगठा उठवायची. मुकादमानं चार दिवस खाडे मांडले, तरी तिला कळलं नाही, कारण पुढ्यातलं वाचताच येत नव्हतं. ती बोच तिच्या मनातून गेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत गुलाबनं तिला माझ्या बहिणीवरची छत्तीस अक्षरं गिरवायला लावली. गुलाबचे वडील आबाराव दूध संस्थेच्या सभेला गेले की मायलेकी पाटी काढायच्या. आईनं हे घरात कुणाला सांगितलं नाही. आबाराव तसे वाईट नव्हते, पण "आता म्हातारपणी काय कलेक्टर व्हायचंय का?" असं ते हमखास म्हणाले असते.

आणि आईला लिहायची घाईच तशी होती. आबारावांनी लेकीला कॉलेजात पाठवलं ते एका अटीवर. गावातल्या एकानंही बोट दाखवलं, तर त्या दिवशी शिक्षण बंद आणि वैशाखात लग्न. गुलाबला तेवढी एप्रिलची परीक्षा द्यायची होती. घरात काय शिजतंय ते आईनं कळवायचं ठरलं. पण कळवायचं कसं? पाकीट आणायचं तर डाकघरवाल्या बब्रुवानकडंच जावं लागायचं. पोस्टकार्ड घरात असायचं, पण ते बब्रुवान आधी वाचायचा, मग पारावर सांगायचा आणि उरलं तर पोचवायचा. म्हणून आम्ही दोघी, मी गुलाबकडं आणि बहीण आईकडं. सरांनी सांगितलं होतं की सगळी अक्षरं सारखीच सरकवली, तर छत्तीस वेळा चकती फिरवून कुणीही चोर पकडील. म्हणून एक शब्द ठरवायचा आणि त्याच्या अक्षरांप्रमाणं दर वेळी वेगळी घरं सरकायची. स्वर, काना-मात्रा जागच्या जागी ठेवायच्या. गुलाबनं शब्द निवडला तो आईचंच नाव. च, ग, ण. आईला तो पाठ करावा लागला नाही.

पण सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "गुप्त पत्र हुशारीनं फुटत नाही, सवयीनं फुटतं. तुमच्या पत्रातला एक शब्द जरी दुसऱ्याला ठाऊक असला, की बाकीचं उसवायला वेळ लागत नाही." गुलाबनं आईला बजावलं, "माय, वर देवीचं नाव घालू नको."

"येडाईचं नाव घातल्याबिगर कार्ड सुरू तरी कसं करायचं गं?" आई म्हणाली. आणि तिनं घातलंच. वर पुन्हा त्या नावालाही चकतीवरून गुप्त अक्षरांचा वेष चढवला.

माझी बहीण सांगते, तीन कार्डं नीट पोचली. बब्रुवानला वाटलं, कॉलेजातलं काहीतरी असेल. चौथं कार्ड मात्र त्यानं पुढं धाडलंच नाही, सरळ आबारावांच्या हातात ठेवलं. "तुमच्या गुलाबला कुणीतरी चोरून लिहितंय. आपल्याच पेटीत पडलंय. म्हंजे पोरगा गावातलाच."

मग काय विचारता! आबारावांनी गावातल्या प्रत्येक शिकलेल्या पोराचं अक्षर तपासलं. डेअरीतल्या चिठ्ठ्या पाहिल्या, सोसायटीची वही पाहिली. इतकं वाकडं अक्षर कुणाचंच निघेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा चुलीपुढं भाकरी थापत होता आणि त्याला घाम फुटला होता. चांगुणाबाईकडं संशयानं बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सांगा बरं, मी संशयी म्हणून मला नावं ठेवता, पण तेवढा मानसुद्धा त्या घरानं तिला दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आबाराव धाराशिवला आले ते थेट वर्गाच्या दारात. वीरप्पा सरांना म्हणाले, "सर, पोरगीला न्यायला आलो. पण जायच्या आधी ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा." गुलाबची वही उघडी होती, मी वहीवर. तिनं मला हाताखाली झाकलं. मला वाटलं, आता संपलं. सर तरी कोण? घोडा घासाशी दोस्ती करत नाही. फोडायला गणित मिळालं की ते कुणाचं आहे हे गणितवाला बघत नाही, असं माझं तेव्हाचं पक्कं मत.

सरांनी मुलांना बाहेर घालवलं, गुलाबला थांबवलं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आबाराव, तुमच्याकडं पत्राच्या वर काय लिहितात?"

"येडाईचं नाव. श्री येडेश्वरी प्रसन्न. दुसरं काय लिवणार?"

गुलाबनं डोळे मिटले. वडिलांनी आपल्याच तोंडानं किल्ली दिली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सरांनी फळ्यावर लिहिलं. कार्डावर पहिलं अक्षर क्ष. श पासून क्ष, पाच घरं. दुसरं व. र पासून व, दोन घरं. तिसरं घ. य पासून पुढं, ज्ञ झाल्यावर पुन्हा क पासून मोजत घ, चौदा घरं. पुढची तीन अक्षरं मोजली. पुन्हा पाच, दोन, चौदा. क ला शून्य धरलं तर पाच म्हणजे च, दोन म्हणजे ग, चौदा म्हणजे ण. फळ्यावर तेच तेच उमटत गेलं. च ग ण, च ग ण.

सर पुढं मोजणार तेवढ्यात आबाराव पुढं झाले. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "चगण... चांगुणा?" मग लेकीकडं वळले. "हे तर आमच्या मंडळीचं नाव हाय."

गुलाब रडायला लागली. सरांनी डस्टर उचललं आणि फळा पुसून टाकला. म्हणाले, "पुढचं तुमच्या घरातलं आहे. ते मी वाचणार नाही. तुम्हीच वाचा." आणि गुलाबच्या वहीवरून मला उचलून आबारावांच्या हातावर ठेवलं. सरांविषयीचं माझं मत चुकलं होतं. कबूल करते, पण एकदाच.

लिंबाखालच्या बाकावर गुलाबनं त्यांना मला कसं फिरवायचं ते दाखवलं. आबाराव चौथीपर्यंत शिकलेले, राकट बोटांचे. मला भीती वाटत होती की टिचबटण उपसून येईल. एकेक अक्षर काढत त्यांनी तासाभरात पाच ओळी वाचल्या.

"गुलाबे, सोनारीचं स्थळ पक्कं करायलेत. पाडव्याला येऊ नको. आलीस तर परत जाऊ देणार न्हाईत. पेपर दे. म्या अंगठा उठवला, तू उठवू नको."

आबारावांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "हे तिनं लिवलं?"

"व्हय, दादा," गुलाब वडिलांना म्हणाली.

"कधी शिकली?"

"तुम्ही सभेला जायचा तवा."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

गुलाबनं माझं आतलं वर्तुळ परत जागेवर फिरवलं. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. मला खिशात घातलं आणि म्हणाले, "हे मी नेतो." लेकीला थांब म्हणाले नाहीत, चल म्हणाले नाहीत. ती फाटकापर्यंत मागं आली आणि एस.टी. सुटेस्तोवर उभी राहिली.

तंबाखूच्या पिशवीला लागून मी वाटेतल्या येडशीपर्यंत विचार करत होते की हा माणूस मला चुलीत घालणार. बाईला बोलणार. कदाचित हातही उगारील. दुसरं काही सुचतच नव्हतं.

घरी चांगुणाबाई चुलीपुढंच होती. आबारावांनी मला तिच्यासमोर पाटावर ठेवलं. तिनं मला ओळखलं. हातातलं पीठ तसंच राहिलं. मागच्या डाळीच्या डब्यात माझी बहीण लपलेली होती. ती सांगते, आतली डाळसुद्धा थरथरत होती. ती जरा वाढवून सांगते.

आबाराव खाली बसले. कोरं कार्ड काढून त्यांनी माझ्याशेजारी ठेवलं. "पोरगीला लिव," ते म्हणाले. "पाडव्याला यायची गरज न्हाय. पेपर झाल्यावर ये म्हणावं. सोनारीवाल्यांना मी सांगतो."

चांगुणाबाईनं पदराला हात पुसले. तिनं कार्ड जवळ ओढलं. मग तिनं हळूच विचारलं, "उघडं लिवू का झाकून?"

"उघडंच लिव. बब्रुवानला पण वाचू दे."

तिनं वर येडाईचं नाव घातलं. ह्या वेळी सरळ अक्षरात.

त्यानंतर आम्हा बहिणींना काम उरलं नाही. आम्ही दोघी गुलाबच्या पत्र्याच्या पेटीत आहोत, टिचबटणांना गंज चढलाय. काम गेलं म्हणून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. आईला लेकीशी बोलायला जिथं माझी गरज लागते, त्या घराला आधी जपा. आणि तुमच्या आईला काय काय येतं, हे तिला एकदा विचारा. अजून विचारलेलं नसेल, अशी मला दाट शंका आहे.