नोंद घेतली आहे

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं," असं लिहून कोरीन वासेकने मान वर केली, तर टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडेच बघत होते. तिने पुन्हा कागदात डोकं घातलं. मागच्या सभेला हजर असलेल्यांत तिचं नाव तिच्याच अक्षरात होतं. ती सभा सहा जानेवारीला झाली होती. नऊ तारखेला सरावाच्या उड्डाणात हेलिकॉप्टर कोसळलं. तिचा नवरा डॉइल त्यात मेकॅनिक म्हणून बसला होता.

"आज आला नसतात तरी चाललं असतं, मिसेस वासेक," मुख्याध्यापक ऑगडेन हळूच म्हणाले.

"घरी बसून तरी काय करू?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. फ्रिजमध्ये शेजारणींनी आणून दिलेली, वरून चीज घालून भाजलेल्या शेवयांची सात भांडी होती. एकाचीही चव तिला सांगता आली नसती.

शाळा जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी तळावरची. चार पालक आणि चार शिक्षक महिन्यातून एकदा ग्रंथालयात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे दुमडून बसत. ही सल्लागार समिती. तिला सल्ला देण्याचा अधिकार होता, बाकी कसलाही नाही. डॉइलची बदली होईल तिथे, आधी कोरियात, मग इटलीत, आता इथे, कोरीनचं अक्षर बघून लोक तिलाच चिटणीस करत आले होते.

ऑगडेनांनी मुख्यालयाचं पत्र वाचलं. शाळेला पूर्ण वेळ समुपदेशिका द्यावी, ही समितीची सूचना. सध्या एक बाई मंगळवारी आणि गुरुवारी येत, बाकीचे दिवस दुसऱ्या तळावर जात. उत्तर एका ओळीचं होतं. समितीच्या सूचनेची नोंद घेतली आहे.

"झालं! तिसऱ्यांदा नोंद घेतली," चौथीच्या शिक्षिका रोझलिंड प्रुइट टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "आता एखादी वही छापा म्हणावं त्यांना, नुसत्या नोंदींची! साडेतीनशे पोरं, निम्म्यांचे आईबाप मोहिमेवर, आणि आम्ही काय सांगायचं? बाळा, रडू मंगळवारपर्यंत धरून ठेव?"

कोणी हसलं नाही. ऑगडेनांनी चष्मा काढून पुसला.

"मला वाटतं, पुन्हा पाठवायचं तर आकडे नकोत. आकडे तिथे कोणी वाचत नाही. एका मुलाची हकीकत लिहिली तर..." ते थांबले. "म्हणजे, मिसेस वासेक, तुमची हरकत नसेल तरच."

कोरीनला कळायला थोडा वेळ लागला, की बोलणं तिच्या लेकीबद्दल, टिल्डाबद्दल चाललंय. टिल्डा प्रुइटबाईंच्याच वर्गात होती.

"शरम वाटते का हो काही?" प्रुइटबाई कडाडल्या. "सहा आठवडे झाले नाहीत, आणि त्या पोरीला पत्राला जोडून पाठवताय? तू अजिबात लिहायचं नाहीस, कोरीन. ऐकलंस?"

"मी विचारते तिला," कोरीन म्हणाली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'विषय तीन : चिटणीस मसुदा करतील.' अक्षर नेहमीसारखंच आलं. तिलाच त्याचं नवल वाटलं.

सभा संपली तेव्हा शाळा सुटली होती. टिल्डा फाटकाशी दप्तर पाठीला लावून उभी होती. दोघी तळावरच्या बेकरीत गेल्या. टिल्डाने मिठाचे खडे लावलेला वेढ्याचा पाव घेतला आणि एकेक खडा नखाने काढून बशीच्या कडेला ठेवायला लागली.

"टिल्डा, मुख्यालयाला एक पत्र पाठवायचंय. तुझ्याबद्दल. नाव नाही घालणार."

"काय लिहिणार?"

"बाबा गेल्यापासून तू वर्गातून उठून जातेस. प्रुइटबाईंनी सांगितलंय मला."

"मी एकटी नाही जात काही!" टिल्डाला ते लागलं. "ब्रिनी जाते, सातवीतला तो उंच मुलगा येतो. आम्ही पाणी प्यायच्या नळापाशी उभे राहतो. समुपदेशिकाबाईंची खोली बंद असली की तिथेच."

"आणि तिथे काय करता?"

"काही नाही. पाणी पितो." तिने आणखी एक खडा काढला. "ब्रिनी म्हणते, सोमवारी रडायचं नाही. सोमवारी रडलं तर दिवसभर कोणी आवरत नाही. मंगळवारी रडायचं. पण मंगळवारी मला येतच नाही, आई."

कोरीनने आपली खुर्ची टिल्डाच्या बाजूला ओढून घेतली. तेवढंच जमलं तिला.

"लिही," टिल्डा म्हणाली. "पण आम्ही लबाडी करून तास बुडवतो असं वाटेल, तसं नको लिहू."

पत्र तिने दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. त्यात डॉइल नव्हता, शोक नव्हता, विनंतीही नव्हती. चौथीतली एक मुलगी, नळापाशी थांबणारी तीन मुलं, ब्रिनीचा नियम आणि मंगळवारी न येणारं रडू, एवढंच होतं. प्रुइटबाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खाली सही केली.

उत्तर एप्रिलच्या सभेच्या दिवशी आलं. एक दिवस वाढवून मिळाला होता. समुपदेशिका आता सोमवारीही येणार होत्या. बाकी मागणीची नोंद घेतली होती.

"एक दिवस!" प्रुइटबाई म्हणाल्या. "भीक घालतात मेले." पण त्यांचे डोळे भरून आले होते.

कोरीनने तारीख घालून निर्णय लिहून घेतला. पुढचा विषय तिचा स्वतःचाच होता. मूल शाळेत नसेल तर पालकाला समितीवर राहता येत नाही, आणि ती नि टिल्डा बारा दिवसांनी अमेरिकेत नेब्रास्काला, तिच्या बहिणीकडे जाणार होत्या. 'एका पालक सदस्याची जागा रिकामी झाली,' तिने लिहिलं. आभाराचा ठराव प्रुइटबाईंनी मांडला. तोही तिलाच लिहावा लागला.

सामान बांधायला गावातून दोन जर्मन माणसं आली. डॉर्र नावाचे म्हातारे यादी करत होते आणि त्यांचा सोबती खोकी भरत होता. दुपारपर्यंत भिंती मोकळ्या झाल्या. टिल्डा उघड्या जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. कोरीन यादीची प्रत्येक ओळ वाचून मगच पानावर सही करत होती. डॉर्रना आधी त्याचा वैताग आला, मग तेही थांबून वाट बघायला लागले.

चौथ्या पानावर ती अडली.

"हे काय लिहिलंय?"

डॉर्र वाकून बघू लागले. "पुरुषाचे बूट, एक जोड, जुने. दाराशी होते ते, मॅडम. न्यायचे नाहीत का?"

"न्यायचेत. पण जुने नाहीत ते. वापरातले आहेत."

डॉर्रनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या मुलीकडे पाहिलं. खिशातून पेन काढून त्यांनी 'जुने' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला आणि वर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वापरातले'.

कोरीनने ते वाचलं, आणि सही केली.