फलाटदादांची सूचना

पडद्यावरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली, तेव्हा शैलजाबाई चहाचा कप घेऊन भालचंद्ररावांच्या पाठीशी उभ्या होत्या.

आदल्या दिवशीच भालचंद्ररावांनी पाटीवर चित्र काढून सगळं समजावलं होतं. एक लांबट चौकोन, मध्ये भिंत. हे कॉम्प्युटरचं पोट. पुढच्या खोलीत नवा भाडेकरू येणार, लिनक्स नावाची सिस्टीम. मागच्या खोलीला हात लावायचा नाही, तिथे आपल्या सुहासनं पुण्याला जाताना ठेवलेलं सामान आहे. पडद्यावर पुढची खोली हिरवी दिसेल, मागची निळी. ‘मागची’ या शब्दाखाली त्यांनी खडूनं जाड रेघ ओढली होती.

आता निळं कुठेच नव्हतं.

खालचं इंग्रजी शैलजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण रंग दिसत होता. भालचंद्रराव छापील कागदावरच्या ओळीवर एक बोट ठेवून होते आणि दुसऱ्या हाताचं बोट कळीवर टेकलं होतं. चुकून खालचा पर्याय निवडला गेला होता हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

‘अहो, थांबा.’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द दातांपर्यंत आला. पण तो शनिवार होता.

औरंगाबादच्या दवाखान्यात भालचंद्ररावांच्या गळ्याचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा शैलजाबाई जिन्यात बसून देऊळगावच्या बालाजीला नवस बोलल्या होत्या. यांचा जीव राहू दे, दर शनिवारी दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. जीव राहिला. आवाज गेला. गळ्यावर एक भोक राहिलं आणि त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी. त्यांनी देवाला बोल लावला नाही. मागणं जिवाचं होतं, आवाजाची बोलणी झालीच नव्हती. मात्र तेव्हापासून मौन मोडायची त्यांना धास्ती वाटे. या बाजूनं करार मोडला, तर त्या बाजूनं काय होईल?

त्यांनी कप टेबलावर ठेवला, भालचंद्ररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खांदा मागे ओढला.

भालचंद्ररावांनी वळूनही न पाहता त्या हातावर थोपटलं. काळजी करू नको, जमतंय, असं. आणि कळ दाबली.

दिवेलागणीला देवापाशी निरांजन लागलं. हात जोडून झाल्यावर शैलजाबाई बाहेरच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, मागची खोली गेली वाटतं.”

भालचंद्ररावांनी नव्या, स्वच्छ पडद्यावर सगळीकडे शोधलं. मग हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

मागच्या खोलीत सुहासच्या कॉलेजचे फोटो होते, त्यांच्या प्रती पुण्यात त्याच्याकडे होत्या. प्रत नसलेली एकच गोष्ट होती. भालचंद्रराव देऊळगाव राजाच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि भोंग्यावरून सांगायचं, कोणती गाडी कोणत्या फलाटावर. सांगायच्या आधी ते एकदा खाकरत. त्या खाकरण्यावर अख्खा स्टँड पिशव्या उचले. जालन्याची का चिखलीची, ते मागाहून. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सुहासनं कॉम्प्युटरला माईक जोडून म्हटलं, “बाबा, काहीतरी बोला ना.” भालचंद्रराव लाजले. मग खाकरले आणि स्टँडवर चुकामूक झालेल्या माणसासाठी करत तशी सूचना त्यांनी केली:

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शैलजाबाई खेडकर जिथे कुठे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांचे यजमान त्यांची वाट पाहत आहेत.’

स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं शैलजाबाई खरोखरच आल्या होत्या. उभ्या संसारात त्यांचं नाव भालचंद्ररावांच्या तोंडून चारचौघांत कधी निघालं नव्हतं. सुहासचं हसणंही त्या रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं. ‘सीडीवर घेऊन ठेवतो,’ असं तो दर दिवाळीला म्हणे.

भालचंद्ररावांनी ते पुन्हा कधी ऐकलं नाही. शैलजाबाई ऐकत, ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की. कुठे दाबायचं एवढं त्यांनी सुहासकडून शिकून घेतलं होतं.

सुहासनं कॉम्प्युटर घरी ठेवला, म्हणून तर हा नाद लागला. दुपारी जेवणं झाली की भालचंद्रराव फोनची वायर मोडेमला लावत. मोडेम किरकिरे, खरखरे, गळा साफ करून बोलायला उभं राहिल्यासारखं, आणि मग त्यांच्या पडद्यावर माणसं येत. कोणी नाशिकचं, कोणी धारवाडचं, कोणी मलकापूरचं. सगळे कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या सिस्टीम चढवून पाहणारे. कोणाचा आवाज येत नाही, कोणाचा प्रिंटर चालत नाही, कोणाचं यंत्र सुरूच होत नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांना सांगत, थट्टा करत. तिथे भालचंद्ररावांचं नाव होतं ‘फलाट’. ते दोन बोटांनी भराभर लिहीत आणि हसत. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलत.

शैलजाबाई दाराशी बसून वाती वळत आणि ते खांदे पाहत. परक्यांशी इतकं बोलायचं असतं यांना. आपल्या वाट्याला पाटी, आणि पाटीवर ‘चहा’, ‘गोळी’, ‘दूधवाला आला’. एकदा त्यांनी विचारलंही होतं. भालचंद्ररावांनी लिहिलं, ‘पाटी लहान पडते.’

आता तेही बंद झालं. त्या शनिवारनंतर दोन दिवस मोडेम खरखरलं नाही. दुपारी भालचंद्रराव भिंतीकडे तोंड करून पडून राहत. यंत्र काळ्या तोंडानं कोपऱ्यात.

“मी हात ठेवला, तो थांबा म्हणून,” शैलजाबाई म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी पाटी घेतली. ‘मला वाटलं आशीर्वाद.’ पुसलं. ‘एकदा तरी ऐकायला हवं होतं मी.’ तेही पुसलं.

शेवटी शैलजाबाईंनीच फोनची वायर काढून त्यांच्या हातात दिली. “तुमच्या त्या लोकांना विचारा. कोणाला तरी येत असेल.”

त्या दुपारी पुष्कळ लिहिणं झालं. मग भालचंद्ररावांनी यंत्र तडक बंद केलं आणि पाटीवर लिहिलं, ‘यंत्र चालवायचं नाही म्हणे. मलकापूरचा सरकी येतो आहे. शनिवारी.’

आणि खाली, थोडं थांबून, ‘त्याला माझ्या गळ्याचं माहीत नाही. कोणालाच नाही.’

शैलजाबाईंनी पाटीकडे पाहिलं. तिथे यांना आवाज आहे, असं ते सगळे समजत होते. तो आवाज शनिवारी जाणार होता. तरी यांनी माणसाला बोलावलं होतं.

शनिवारी दुपारी एक आडव्या बांध्याचा माणूस खांद्याला रेक्झिनची पिशवी लावून फाटकात उभा राहिला. मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा पुंजाजी. चॅटवर ‘सरकी’.

“फलाटदादा इथंच राह्यतात ना?”

भालचंद्रराव पुढे झाले. बोट गळ्याच्या पट्टीवर टेकवलं आणि हात हलवला.

पुंजाजी पट्टीकडे पाहत राहिला. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली.

“बरं,” तो हळूच म्हणाला. मग घसा साफ करून, “म्हंजे चॅटवर कोनाले बोलू देत नाही ते हेच का? मी मोताळ्यापासून घोकून राह्यलो होतो का आपल्याले बोलाले जागा भेटंन की नाही.” आणि शैलजाबाईंकडे वळून, “वहिनी, पानी भेटंन का? उन्ह लय हाय.”

शैलजाबाईंनी तांब्या-भांडं आणून ठेवलं.

“मलकापुराहून गाडी लेट निंघाली. तुमची तब्येत बरी हाय ना, वहिनी?”

शैलजाबाईंनी मान हलवली. पुंजाजीनं भांडं तोंडाशी नेता नेता थांबवलं, दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. भालचंद्ररावांनी घाईनं पाटीवर लिहिलं, ‘शनिवारचं मौन. बालाजीचा नवस.’

“हाव, हाव. मोठी गोष्ट हाय,” पुंजाजी म्हणाला आणि पाणी प्यायला. “मंग आज सगळं मलेच बोला लागते. माह्या बायकोले सांगतलं तर तिले पटाचं नाही. ते म्हनते, तुमी घरात मुके, अन् मशीनवर पोपट.”

भालचंद्ररावांचे खांदे हलले. पुष्कळ दिवसांनी हलले.

शैलजाबाईंनी भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. पुंजाजी जेवता जेवता बोलतच होता. नाशिकच्या मुलीचा प्रिंटर चालू झाला. धारवाडच्या मास्तरानं यंत्र इतक्या वेळा पुसलं की आता बायको त्याला फडकं म्हणते. पिठल्याचा डाव पुन्हा पुढे आला तेव्हा त्यानं ताटावर हात आडवे धरले. “बस, वहिनी. तुमाले नाही म्हनता येत नाही म्हनून मीच म्हनतो.”

जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून एक सुटी डिस्क आणि सीडी काढली. सीडीवरून यंत्र चालवायचं, म्हणजे आतल्या डिस्कवर नवं काही लिहिलं जात नाही. मग पुसलेल्या जागेत जे सापडेल ते उचलून आपल्या डिस्कवर ठेवायचं.

“घर पाडलं तरी विटा असतात,” तो म्हणाला. “पन नवीन भाडेकरूनं ज्या जागी चूल मांडली, तिथलं नाही भेटत. ते आधीच सांगून ठेवतो, दादा.”

पडद्यावर आकडे सरकू लागले. शैलजाबाईंनी देवापुढची माळ घेतली आणि दाराच्या आत बसल्या. भालचंद्रराव खुर्चीत पुढे झुकून होते, हात गळ्याशी.

सापडलं ते तुकड्या-तुकड्यानं. सुहासचे अर्धे फोटो, कुठल्या तरी गाण्याची सुरुवात. पुंजाजी एकेक वाजवून बाजूला सारत होता. ऊन ओट्यावरून उतरलं.

मग स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं.

माळ थांबली.

‘प्रवाशांनी कृ—’ आणि पुढे नुसती खरखर. बराच वेळ खरखर, आणि मग शांत.

पुंजाजीनं पुन्हा लावलं. खाकरणं. ‘प्रवाशांनी कृ—’. खरखर.

“येवढंच निंघालं, दादा,” तो म्हणाला. “बाकीच्यावर नवीन सामान पडलं.”

भालचंद्ररावांनी डोळे मिटले होते. त्यांनी बोटानं खूण केली, आणखी एकदा. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते स्वतःला ऐकत होते. शैलजाबाईंनी पदराचं टोक ओठांवर धरलं. नाव गेलं होतं. यजमान, वाट पाहणं, सुहासचं हसणं, सगळं त्या खरखरीत गेलं होतं.

पुंजाजीनं स्पीकरचा आवाज कमी केला. तो वायरी गुंडाळू लागला. “मलेच कसंतरी वाटते, वहिनी,” तो म्हणाला. “मीच दादाच्या मागं लागलो होतो, हे सिस्टीम टाका, हे टाका म्हनून. पन दादाचा एकच सवाल. मराठी अक्षरं ठसठशीत दिसतीन का? बाकी काही विचारेच नाही. मी म्हनलं, तुमाले तं इंग्रजी येते, मराठी काऊन पाह्यजे? तं म्हने, घरी एक मानूस हाय, त्याले इंग्रजी वाचता येत नाही. त्याच्याशी बोलाचं हाय.”

शैलजाबाईंनी भालचंद्ररावांकडे पाहिलं. ते कीबोर्डकडे पाहत होते.

कीबोर्ड शैलजाबाईंनी आज पहिल्यांदाच नीट पाहिला. प्रत्येक कळीवर पांढऱ्या पट्टीचा बारीक तुकडा आणि त्यावर निळ्या शाईनं एकेक मराठी अक्षर. गळ्याचं कापड चिकटवायची पट्टी या महिन्यात इतक्या लवकर कशी संपली, म्हणून त्या दुकानदारावर मनातल्या मनात रागावल्या होत्या.

पुंजाजीनं आपली सीडी काढून यंत्र पुन्हा सुरू केलं. नवा भाडेकरू उजेडात आला, आणि त्या खाकरण्याची एक प्रत पुंजाजीनं त्याच्या हवाली केली. “मी चिखलीची गाडी पाह्यतो,” तो म्हणाला. “फलाट कोनता, हे तुमी तं सांगनार नाही आज.” भालचंद्ररावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शैलजाबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. फाटकापाशी पुंजाजी वळून म्हणाला, “वहिनी, ते खाकरनं मी माह्या डिस्कवर बी ठेवलं हाय. आता एकाच घरात नाही ठेवाचं काही.”

शैलजाबाई आत आल्या तेव्हा भालचंद्रराव लिहीत होते. चॅटवरचा तो वेग नव्हता. अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून पाहायचं. त्यांनी शेजारची खुर्ची पायानं पुढे सारली. शैलजाबाई बसल्या. पडद्यावर अंगठ्याएवढी मोठी मराठी अक्षरं एकामागून एक उमटत होती.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शैलजाबाई खेडकर जिथे कुठे असतील तिथून त्यांनी’

इथे ते थांबले. स्पीकरचं बटण फिरवून त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. खोलीत खाकरण्याचा आवाज झाला, तोच, गाडी लागायच्या आधीचा. मग त्यांनी उरलेलं लिहिलं.

‘चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांचे यजमान त्यांची वाट पाहत आहेत.’

आणि कीबोर्ड शैलजाबाईंच्या पुढ्यात सरकवला.

मौन जिभेचं होतं. बोटांचं बालाजीशी काही ठरलेलं नव्हतं. शैलजाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पट्टीच्या तुकड्यांवरून बोट फिरवत ‘आ’ शोधला. ‘ल’ सापडायला वेळ लागला. भालचंद्ररावांनी दाखवला नाही, नुसती वाट पाहिली. मात्रेची कळ ल शेजारी नव्हती, ती डाव्या हाताला निघाली.

‘आले.’

बाहेर अजून ऊन होतं. दिवेलागणीला बराच वेळ होता.