गट्टी जीव

शिरसीकडच्या त्या खोऱ्यात घट्ट लागलेलं दही गट्टी, न तुटणारा दोर गट्टी, खणखणीत आवाजही गट्टी. आणि माणसांत गट्टी म्हणजे दुर्गप्पा. साठी ओलांडली तरी पोफळीच्या शेंड्यावर चढून, झाड झुलवून तो शेजारचं झाड पकडायचा आणि जमिनीला पाय न लावता अर्ध्या बागेची सुपारी उतरवायचा. अंगात ताप असताना चढला, बायको गेल्यावर चौथ्या दिवशी चढला. लोक म्हणायचे, "गट्टी जीव!"

खाली दोराचं टोक धरून त्याची मुलगी नागवेणी उभी असायची. सुपारीचे घड दोरावरून सरसरत यायचे, ती झेलायची. आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी आंबील पिताना अप्पांच्या हातून लोटा निसटला होता. उचलायला वाकले ते खांबाला धरून तसेच राहिले. विचारलं, तर म्हणाले, "झोप झाली नाही गं."

"हेगडेरे, अप्पांना आज खाली बोलवू या का?" तिने बागेच्या मालकांना विचारलं.

"वेडी का काय! तुझा बाप गट्टी माल आहे. आमच्या वडलांच्या वेळेपासून बघतोय."

वर ते ऐकू गेलं असावं. अप्पा झाड झुलवू लागले. एकदा, दोनदा. हात पुढे गेला आणि मधेच थांबला. झाड मागे आलं. कोयती नागवेणीपासून हातभर अंतरावर पाचोळ्यात पडली.

"अप्पा!"

वरून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.

"गट्टी बोला, ऐकू येत नाही!"

"सगळं फिरतंय, वेणी."

हेगडे ओरडायला लागले. तिने त्यांना हातानेच गप्प केलं. खोडावर तळवा टेकला, तर वरची थरथर थेट हाताला लागली.

"डोळे मिटा, अप्पा. खोडाला मिठी मारा. आता डावा पाय खाली. थोडाच. थांबा. आता उजवा."

किती वेळ गेला कोण जाणे. छाती सोलवटून घेत अप्पा खाली आले आणि मटकन बसले.

"काही झालेलं नाही," हेगडे पाणी देत म्हणाले. "गट्टी माणूस! उद्या बघा कसा—"

"महिना झाला, असंच होतंय," अप्पा म्हणाले. "सांगू कसं? तुम्ही सगळे गट्टी गट्टी म्हणता. पाय लटपटले की तेच कानात वाजायचं, मग धरायचो पुढचं झाड."

नागवेणीला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. तिने अप्पांच्या पायातली चढायची दोरी सोडली.

"आणि उरलेली बाग?" हेगड्यांनी हळूच विचारलं.

"दुसरा माणूस बघा," नागवेणी म्हणाली.

रस्त्यावर अप्पांची लूना उभी होती. त्यांनी आपणहून किल्ली नागवेणीपुढे धरली. सरकारी दवाखाना येईपर्यंत ते मागे बसून होते, तिच्या खांद्याला घट्ट धरून.