बच्चूकाकांची पाहणी

साठीला टेकला तरी सगळे त्याला बच्चूच म्हणत. जन्मापासून बुद्धीने मागे राहिलेला. आईवडील गेले तसा थोरल्या बहिणीकडे आला आणि तिथलाच झाला. दाढी स्वतः करायचा, चहा स्वतः करायचा, रोज त्याच्यासारख्यांसाठी चालणाऱ्या दिवसभराच्या केंद्रात जाऊन टॉवेलांच्या घड्या घालायचा. घड्या अशा की इस्त्रीवाल्यानेही मान डोलवावी.

गेल्या वर्षभरात हे एकेक सुटत गेलं. दाढी करताना गाल कापला, ताईने रेझर काढून घेतलं. चहा ओट्यावर सांडला, मग गॅसपाशी जायला बंदी. एके सकाळी तो जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून बसला तो उठेचना.

"हट्टाला पेटलाय," ताई शेजारणीला म्हणाली. पण मनातून ती धास्तावली होती. अशा माणसांना विसरायचा आजार लवकर गाठतो, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं.

त्याला आता काय काय मदत लागते हे बघायला केंद्रातून एक बाई घरी आल्या. वयाने लहानच होत्या.

"बच्चूकाका, मी बसू इथे?"

त्याला काका म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. तो सरकला आणि ऐटीत बसला.

"आताशा केंद्रात येत नाही तुम्ही?"

"कंटाळा करतो," ताई म्हणाली.

"गुडघे दुखतात का, काका?"

"छे हो, ठणठणीत आहेत गुडघे." हेही ताईच.

बाई हसल्या. "काकू, राग मानू नका, पण जरा आत बसता? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

ताईला ते झोंबलं. ती आत गेली खरी, पण दाराआड कान देऊन उभी राहिली. बाईंना कसली घाई नव्हती.

"जिन्यात काय होतं, काका?"

"पायरी जाते."

"कुठे जाते?"

"पांढरं होतं सगळं."

"मग ताईला सांगितलं नाहीत?"

"ती म्हणते, हट्ट करू नको."

ताईने दाराची चौकट धरली. वर्षभर आपण त्याच्या हातून एकेक काम काढून घेत गेलो, आणि एकदाही विचारलं नाही.

तिने बाईंना मनातली धास्ती सांगितली. "विसरण्याचं नंतर बघू," जाताना बाई म्हणाल्या, "आधी डोळे दाखवा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशननंतर तो डोळ्याला हात लावल्याशिवाय राहील का, हीच डॉक्टरांना चिंता. मग आधीच सवय व्हावी म्हणून ताईने रोज संध्याकाळी त्याच्या डोळ्याला पट्टी बांधायला सुरुवात केली, आणि जोडीला स्वतःच्याही. दोघं एकेका डोळ्याने टीव्ही बघत बसायची. जो पट्टीला हात लावेल तो हरला. बहुतेकदा ताईच हरायची.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी सुटली तेव्हा तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"ताई, तू म्हातारी झालीस."

नर्स तोंड फिरवून हसली. ताईही हसली, आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

दुसराही डोळा झाल्यावर बाई पुन्हा आल्या. जिना तो आता उतरत होता. तपासणीत विसरण्याचंही काही निघालं नव्हतं. पण केंद्रातला दिवसभराचा गलबला त्याला सोसत नव्हता. अर्धाच दिवस यायचं ठरलं. मग बाईंनी हलकेच विचारलं, "आणि काकू, उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात तर?"

हा प्रश्न ताई कित्येक वर्षं टाळत आली होती. "तो माझ्याशिवाय कुठे..." एवढं बोलून ती थांबली आणि बच्चूकडे वळली. "तूच सांग. केंद्राच्या मागे राहायची सोय आहे. थोडे दिवस राहून बघशील?"

त्याने बराच विचार केला. "उशी माझी नेणार."

चार दिवस तो तिथे राहिला. ताई इकडे दुपारी आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. अशी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. जाग आल्यावर मात्र घर खायला उठलं.

त्याला आणायला गेली तेव्हा तो दारातच उभा होता.

"कसं वाटलं रे?"

"शेजारचे आजोबा घोरतात."

"मग नको परत?"

"जायचंय," तो म्हणाला. "त्यांना पत्ते शिकवतोय मी."

ताईने त्याची पिशवी उचलली. "बरं," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात जा."