बिननावाचं लेबल

हॅनोव्हरच्या हार्निश रेकॉर्ड कंपनीला पंच्याहत्तर वर्षं होत होती, म्हणून नव्या मालकांनी कंपनीचा इतिहास छापायचा घाट घातला. संचालक फोल्कर्स मसुदा घेऊन संस्थापकाच्या नातीकडे, ओटिलीबाईंकडे आले. बाईंनी कॉफी ओतली, केक कापला आणि चष्मा लावला.

हिटलरच्या काळावर एकच परिच्छेद होता. त्या वर्षांतही कंपनीने एकही चांगली रेकॉर्ड बाजारातून मागे घेतली नाही, असं त्यात अभिमानाने लिहिलं होतं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "वाजवणारा ज्यू, म्हणून त्याला हाकललं. त्याची रेकॉर्ड खपत होती, म्हणून ती ठेवली. साचा तोच, लेबल फक्त नवं. 'व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा', बस. खाली नावच नाही."

फोल्कर्स केकमधले मनुके वेचून बाजूला काढत बसले. "आता ती मढी कशाला उकरायची, बाई? तीच रेकॉर्ड आम्ही पुन्हा काढतोय की. 'अनामिक कलावंत' असं छापतोय. आदरानं."

"मोठेच उपकार केलेत."

"मग काय छापू? चाळीस वर्षं झाली. नाव आता कुणाला आठवणार?"

"यूलियस वाइनश्टॉक," बाई म्हणाल्या. "दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा. वडिलांनी बिननावाची लेबलं छापायला टाकली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. तेव्हाही आला होता. वडिलांनी त्याला आग्रह करकरून वाढलं."