उपाशी ज्वारी

मचाणावरून डॉक्टरसाहेबांची शिट्टी वाजली आणि धानोऱ्याच्या शिवारात नऊ माणसं हातातलं काम टाकून पळत सुटली. मावळतीला ढग दिसला होता. रुळांवरचं पत्र्याचं छप्पर ढकलत त्यांनी ते ज्वारीच्या चाळीस ताटांवर, म्हणजे चाळीस रोपांवर, नेऊन उभं केलं, तेव्हा कुठे पाऊस आला. पाऊस कसला, चार टिपके. पत्र्यावर वाजले आणि संपले.

बांधापलीकडे आपल्या कापसात उभे असलेले शांतीलालभाई हे सारं बघत होते. म्हणाले, "आख्खं गाव पावसाले हात जोडी ऱ्हायनं, अन् तुम्ही त्याले पत्रा दखाडतस."

"आम्हले पगारच पत्रा ढकलाना शे, शांतीलालभाई," भटू म्हणाला आणि तोंडावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधू लागला.

भटू या सरकारी शेती-संशोधन केंद्रात तेरा वर्षं नोकर होता आणि डॉक्टरसाहेब हे त्याने वापरलेले तिसरे शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञांनी नोकर वापरायचा असतो हे त्याला माहीत होतं. पण येतो तो जातो आणि राहतो तो राहतो, तेव्हा कोणी कोणाला वापरलं हे ज्याचं त्याने ठरवावं. पहिले साहेब बैलाचा श्वास मोजत. एकदा तोंडाला रबरी पिशवी बांधलेला बैल सुटून आठवडेबाजारात शिरला आणि बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्यांनी मोहाच्या फुलांपासून सुतळी करायचं मनावर घेतलं. सुतळी झाली नाही, पण दोन वर्षं केंद्रातली एक शेळी शुद्धीवर नव्हती.

डॉक्टरसाहेब या दोघांहून सज्जन, म्हणून जास्त धोक्याचे. त्यांना ज्वारीला उपासाची सवय लावायची होती. दरवर्षी थोडं पाणी तोडायचं, जगेल त्याचं बी धरायचं. सहाव्या पिढीला ज्वारी पाणी मागणारच नाही. माणूस उपासाने सुधारतो, मग ताट का नाही? माणसाच्या श्वासातही वाफ असते, म्हणून त्या चाळीस ताटांजवळ कोणी फिरकायचं नाही. स्वतः साहेब मचाणावर बसून दुर्बिणीतून ताटांची प्रकृती बघत. आत जायचं ते एकट्या भटूने, तोंड बांधून.

पहिल्याच वर्षी चाळीसांतली चौतीस ताटं जळाली. साहेब जेवेनात. केंद्र बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. भटूने स्वतःच्या हाताने ते बी टोचलेलं होतं. माना टाकलेली ताटं रोज बघायची, म्हणजे गोठ्यातली गाय दावणीला तहानेने मारायची. एका दुपारी साहेब वामकुक्षीला गेले तेव्हा ऑफिसातला रांजण भरायला निघालेल्या भटूने वाट थोडी वाकडी केली. उरलेली सहा ताटं उभी राहिली. साहेब जेवले. त्यानंतर रोज दुपारी दोन घागरी, सहा वर्षं. त्यात दया किती आणि नोकरी किती, याची वाटणी भटूने कधी केली नाही. करायला गेलं तर दोन्ही वाटे सारखेच ओले निघाले असते.

सहाव्या वर्षी, म्हणजे सन चौसष्टला, चाळीसच्या चाळीस ताटं पुरुषभर वाढली. मचाणावर साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं. तेही त्यांनी ताटांपासून लांब जाऊन पुसलं. अहवाल छापला. धुळ्याहून अधिकारी आले, हार घातले आणि ठरलं की पुढच्या मिरगाला हे बी अक्राणीच्या डोंगरात वाटायचं. तिथे विहिरी नाहीत. उपाशी ज्वारीला ह्याहून चांगलं सासर कुठलं?

केंद्रात छप्पर ढकलणाऱ्यांत वीरसिंग पावरा होता, धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. सहा वर्षं भटूच्या जोडीने त्याने पत्रा ढकलला, एका चिलमीतून तंबाखू ओढला. पहिली पिशवी त्यानेच मागितली. पाड्यावरच्या सात घरांनी बी घ्यावं म्हणून तोच बोलला आणि त्यानेच भटूला हसत हसत सांगितलं, की नवं बी येतंय तर यंदा कणगीतलं जुनं शिजवून साऱ्या पाड्याला जेवण घालणार आहे.

त्या संध्याकाळी भटूने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. त्याच्या बायकोने, दगूबाईने, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट ओढून घेतलं. मग त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"सायेबले सांग," ती म्हणाली. "नही ते वीरसिंगले सांग."

"नोकरी जाई."

"तुन्ही नोकरी जाई. त्यानं बी जाई."

सकाळी भटू साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. घरून निघताना जिभेवर दोन घागरी होत्या. फाटकाशी आला तेव्हा एक झाली. साहेबांनी चश्मा वर करून मायेने बघितलं आणि तो म्हणाला, "साहेब, त्या ताटांना मी पाणी टाकत होतो."

"किती?"

"लोटाभर."

साहेबांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्यांनी कागद ओढला. एक लोटा, चाळीस ताटं; भागाकार केला, पुन्हा केला, आणि उठून भटूच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे वेड्या, ताटाला एक घोटसुद्धा नाही. तेवढ्यावर पुरुषभर ज्वारी! मी समजत होतो त्याहूनही मोठं झालंय हे." अहवालात घालायला हवं, असंही ते म्हणाले, पण तो छापून झाला होता, तेव्हा पुढच्या आवृत्तीत.

खरा आकडा तेव्हाच सांगायला हवा होता. भटू सांगायला गेलाही. पण साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. तेरा वर्षांत पहिली खुर्ची. खुर्चीवर बसून दोन घागरी कशा सांगायच्या?

उरला वीरसिंग. तो नंदुरबारच्या मोटारस्टँडवर बियाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला सापडला. भटूने इकडचं तिकडचं केलं, चिलीम भरली, आणि शेवटी म्हणाला, की घरचंही थोडं पेर, सगळं सरकारी पेरू नको.

"तुन्हा हातनं शे ना?" वीरसिंगने विचारलं.

"मन्हा हातनं शे."

"मंग?"

गाडी आली. भटूने पिशवी वर टपावर चढवून दिली.

पासष्टचा पाऊस मिरगात पडला आणि मग आषाढ, श्रावण कोरडे गेले. डोंगरात घरच्या बियाची ज्वारी खुरटली, करपली, तरी मूठ-दोन मुठी दाणे देऊन गेली. वीरसिंगच्या पाड्यावर सात घरांत एक दाणा आला नाही आणि पुढच्या वर्षी पेरायला कणगीत जुनं बीही नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी बातमी ऐकली, डोंगरातली हवा दमट असते, तिने ज्वारीला पुन्हा चटक लागली असं लिहिलं, आणि दिल्लीला बढतीवर गेले.

कार्तिकात भटूला कळलं, की पावऱ्यांच्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत निघाल्या आहेत, विसरवाडीच्या फाट्यावर ट्रक भरतात. तो एक दिवसाची रजा टाकून गेला. फाट्यावर तीन ट्रक उभे होते. दुसऱ्यात वीरसिंग फळीला टेकून बसला होता, शेजारी त्याची बायको मोतीबाई आणि कोंबड्यांची डालकी. वीरसिंगने हात केला, जसा नेहमी करायचा तसाच.

भटू फळीला धरून उभा राहिला. या खेपेला जिभेवरचं त्याने जसंच्या तसं खाली ठेवलं. "सहा वरीस, रोज दोन घागरी पानी टाकेल शे मी. ती जवारी उपाशी नव्हती, भाऊ."

वीरसिंगने टेकलेली पाठ फळीवरून काढली. "रोज?"

"रोज."

"दिवाळीले बी?"

"दिवाळीले बी."

वीरसिंगने मान हलवली. शिवी येईल म्हणून भटू वाट बघत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं. वीरसिंग हळूच म्हणाला, "मंग बियाले दोष नही."

मुकादमाने फळी ठोकली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. मोतीबाईने हे सारं ऐकलं होतं. तिला किती कळलं, कोण जाणे. त्यांच्यात निरोपाला आलेल्या माणसाला तसंच धाडत नाहीत. तिने गाठोडं सोडलं, रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, एक भाकर काढली, अर्धी मोडली आणि खाली वाकून भटूच्या हातावर ठेवली.

ट्रक नवापूरच्या अंगाला वळला. त्याच्यामागे दुसरा गेला, तिसरा गेला. परतीच्या गाडीची माणसं फाट्यावर जमू लागली. कोणीतरी भटूला जरा बाजूला सरायला सांगितलं. तो सरला. तळहातावर भाकर होती तशीच होती, आणि धूळ बसू नये म्हणून त्याने वरून दुसरा हात धरला होता.